पहिली समई कोणाची

थोरलीने मैत्रिणीबरोबर काढायच्या केकच्या दुकानाच्या कराराची अकरा पाने फोनवर पाठवली आणि खाली लिहिले, "आजी, नुसती औपचारिकता आहे, नजर टाक." धाकट्याने त्याखाली अंगठा दाखवला. पडद्यावर मला नजर टाकता येते, वाचता येत नाही, म्हणून मी पाने कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणली. पेन्सिलीला टोक केले आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. सहाव्या पानावर थांबले. तिथे आपल्या दुकानातली एक गोष्ट आठवली, जी तुम्हाला कोणी नीट सांगितलेली नाही. तुमच्या आजोबांनी सांगितली असेल तर तीत तेच शहाणे ठरले असतील. म्हणून मी लिहिते आहे.

तुम्ही दोघे पुण्यातल्या शाळेत शिकलात, म्हणून तिकडच्या मराठीत लिहिते. आपण कुंभकोणमच्या घरात जी बोलतो ती लिहिली तर तुम्हाला अर्धी कळेल आणि अर्धीवर हसाल. लहानपणी सुट्टीत यायचात तेव्हा मी "अस्के जेवायला या" म्हटले की तुम्ही एकमेकांना कोपराने ढोसायचात. अस्के म्हणजे सगळे. तीनशे वर्षांपूर्वी आपले लोक तंजावरला आले तेव्हा जे शब्द बरोबर आणले, ते आम्ही अजून वापरतो आहोत, एवढेच.

दुकान तुम्हाला माहीत आहे. पितळेच्या समया, घंटा, लहान-मोठी भांडी. समोरच्या कपाटात जे असते ते आजोबांच्या ताब्यात, मागच्या लोखंडी कपाटातले माझ्या. इथल्याच कॉलेजात मी इंग्रजी घेऊन बी.ए. केले आणि लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासऱ्यांनी पहिल्याच महिन्यात मला एक पत्र वाचायला दिले. विक्रीकर कार्यालयाचे होते. मी ते वाचून उत्तर लिहिले आणि त्या दिवसापासून दुकानातला प्रत्येक इंग्रजी कागद माझ्याकडे येऊ लागला. दुकानाचा परवाना, त्याचे नूतनीकरण, वजनकाट्यावरचा सरकारी शिक्का, कामगारांची नोंदवही, पुढे जीएसटी. प्रत्येकाची वेगळी फाइल, प्रत्येक फाइलवर वेगळ्या रंगाची नाडी. आजोबा म्हणतात की हिने एखादे दिवशी मलाही नाडी बांधून कपाटात ठेवले असते, पण रंग ठरत नव्हता.

याशिवाय माझी रोजची वही आहे. रोज संध्याकाळी दिवसभरात काय झाले ते चार ओळींत. कोण आले, काय ठरले, काय पाठवले. तिचा या गोष्टीशी संबंध येतो.

आपल्या समया ओततात ते आसारी. आसारी म्हणजे कारागीर. त्यांना आम्ही त्याच नावाने हाक मारतो. पापनाशमच्या रस्त्याला त्यांचे घर, आणि घरामागे ओतकामाची शेड. त्यांचे वडील माझ्या सासऱ्यांसाठी ओतायचे. आमच्यात आणि त्यांच्यात कधी कागद झाला नव्हता. दरवर्षी पोंगलनंतरच्या पहिल्या शुक्रवारी ते सपत्नीक दुकानात येतात. आम्ही एका ताटात विड्याची पाने, सुपारी, हळकुंड, केळी, नारळ आणि धोतरजोडी ठेवून ते ताट त्यांच्या हातात देतो. त्यांनी ताट घेतले की वर्षभर ते आपल्यासाठी ओतणार आणि आपण त्यांच्याकडूनच घेणार. त्या ताटात आणखी काय काय बसते, हे कोणी कधी मोजून पाहिले नव्हते.

समई ओतायची म्हणजे आधी लाकडी नमुना लागतो. नदीच्या बारीक गाळाने भरलेल्या पेटीत तो दाबून काढला की त्याचा ठसा उरतो आणि त्या पोकळीत वितळलेले पितळ ओततात. नमुना चांगला तर समई चांगली. आसारींकडे फणसाच्या लाकडाचा एक हंस होता, त्यांच्या वडिलांनी कोरलेला. समईच्या शेंड्यावर हंस सगळ्यांच्याच असतो, मान ताठ करून समोर पाहणारा. हा हंस मान मागे वळवून स्वतःच्या पंखात चोच घालून बसलेला होता. जणू कोणी बघत नाही असे समजून पिसे साफ करतो आहे. वडिलांच्या हयातीत तो कधी ओतला गेला नाही, कारण मानेच्या वळणात पितळ नीट उतरत नसे. आसारींनी दोन वर्षे खटपट करून ते जमवले आणि एके सकाळी फडक्यात गुंडाळून पहिली समई दुकानात आणली. आजोबांनी ती मेजावर ठेवली आणि कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत. हे किती दुर्मीळ आहे ते तुम्हाला ठाऊक आहे.

त्याच सुमारास चेन्नईची एक कंपनी आमच्याकडे आली. मोठ्या हॉटेलांना आणि घर सजवणाऱ्यांना वस्तू पुरवणारी. त्यांच्या माणसाने हंसाचा फोटो नेला आणि आठवड्यात साठ समयांची मागणी आली. सोबत करारपत्र. चौदा पाने, उत्तम इंग्रजी. मुख्य अट अशी की या नमुन्याची समई आम्ही दुसऱ्या कोणालाही द्यायची नाही.

मी ते करारपत्र तीनदा वाचले. प्रत्येक कलमासमोर पेन्सिलीने बरोबरची खूण केली. नवव्या कलमात होते: विकणे, उसनी देणे, भेट देणे किंवा अन्य प्रकारे दुसऱ्याच्या हवाली करणे, यांतले काहीही करायचे नाही. मी मनात म्हटले, लग्नाकार्यात आहेर म्हणून द्यायची नाही, ठीक आहे. तेराव्या कलमात होते: अट मोडली तर पुरवठादाराचे त्या वस्तूचे सर्व नमुने आणि साचे कंपनीच्या मालकीचे होतील. मी म्हटले, आपण अट कशाला मोडू? आणि खूण केली.

आजोबांनी विचारले, "अस्के वाचलंस?"

"तीनदा."

"मग मी कशाला वाचू?" म्हणून त्यांनी सही केली.

आता आपल्या दुकानाचा एक रिवाज सांगते. नव्या नमुन्याची पहिली समई आपण विकत नाही. ती पट्टीश्वरमला दुर्गेच्या देवळात जाते. इतर लोक देवाला समई देतात तेव्हा तिच्यावर आपले नाव कोरून घेतात. आपण नाव घालत नाही. देवळातला माणूस ती ठेवून घेतो, तेल घालतो, संपले. सासऱ्यांच्या आधीपासूनचे आहे हे. सही झाल्यावर नऊ दिवसांनी, शुक्रवारी, आजोबा आणि आसारी बसने पट्टीश्वरमला गेले आणि मान वळवलेल्या हंसाची समई ठेवून आले. येताना माझ्यासाठी प्रसादाचा भात आणला. मी तो खाल्ला आणि वहीत ओळ लिहिली. नववे कलम माझ्या मनातही आले नाही. भातातली पहिली मूद नैवेद्याला काढताना आपण भात कोणाला भेट दिला असे कोणी म्हणते का? तसेच ते होते.

साठांपैकी बावीस समया चेन्नईला पोचल्या होत्या तेव्हा नोटीस आली. कंपनीच्या वकिलांची, रजिस्टर पोस्टाने. त्यांच्या मालवाहतुकीकडे बघणारा एक जण राहुकाळात दुर्गेला दिवा लावायला पट्टीश्वरमला गेला होता. रांगेत उभा असताना त्याने आपला हंस ओळखला. फोटो जोडला होता. समई तेलाने काळवंडली होती, तिच्यावर कुंकू होते, पण हंस तोच. पंधरा दिवसांत खुलासा करावा, नाहीतर तेराव्या कलमाप्रमाणे नमुने ताब्यात द्यावेत.

मी नोटीस उभ्यानेच वाचली आणि नंतर बसले.

"काय झालं?" आजोबांनी विचारले.

"आपण देवीला जी समई दिली ती कराराप्रमाणे द्यायची नव्हती."

"देवीला कशी द्यायची नाही?"

"त्यांच्याशिवाय कोणालाच द्यायची नव्हती."

ते म्हणाले, "तीनदा वाचलंस ना?" एवढेच म्हणाले. दुसरे काही बोलले असते तर मला बरे वाटले असते.

आपले वकील म्हणजे आजोबांचे शाळेतले मित्र. कोर्टाजवळ त्यांचे ऑफिस आहे; तुमच्या दोघांपैकी एक जण तिथे एकदा फिरत्या खुर्चीवर गरगर फिरून ओकलेला आहे, कोण ते सांगत नाही. त्यांनी करारपत्र वाचले, नोटीस वाचली, आणि चष्मा काढून पुसला.

"मामी," ते मला म्हणाले (इकडे मित्राच्या बायकोलाही मामीच म्हणतात), "हा हंस कोणाचा?"

"आमचाच. म्हणजे आसारींचा."

"म्हणजे कोणाचा?"

"नमुना त्यांच्या वडिलांनी केला. त्यांच्याच घरी असतो. ओतायचे असले की काढतात, झाले की परत ठेवतात."

"मग तुम्ही तुमचा नसलेला हंस पणाला लावलात."

मी म्हटले की करारात पुरवठादाराचे नमुने असे लिहिले आहे आणि पुरवठादार आम्ही आहोत. वकील म्हणाले, "तेच म्हणतो. कंपनीला वाटतं हंस तुमचा. तुम्ही सही करून तेच सांगितलंत. उद्या हंस दिला नाहीत तर ते तुमच्यावर दावा लावणार, आणि दिलात तर आसारी लावणार. त्यांनी लावला तर मी त्यांचं वकीलपत्र घेईन. तुमच्यापेक्षा त्यांची बाजू चांगली आहे."

"त्यांच्याशी आमचा काही करारच नाही," आजोबा म्हणाले. "नुसतं ताट देतो आम्ही."

"किती वर्षं?"

"दोन पिढ्या."

"मग हा करार त्या चौदा पानांपेक्षा पक्का आहे. तोंडी करार म्हणजे करार नाही असं कोणी सांगितलं तुला? शाळेतही तू मागच्या बाकावर असायचास."

मग त्यांनी विचारले की समई देवळात कधी दिली, सहीच्या आधी की नंतर. आधी दिली असेल तर नोटिशीत काही दम नाही. आजोबांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "आधीच दिली ना आपण?"

मी म्हटले, "नऊ दिवसांनंतर. वहीत आहे."

वकिलांनी मान हलवली. "मामी, तुमच्यासारखे पक्षकार वाढले तर आम्हाला समयांचं दुकान काढावं लागेल." पण पुढे ते म्हणाले की नोटिशीत तारीख विचारलेली नाही, देवळात पावती नाही, तेव्हा आपणहून सांगायची गरज नाही. खुलाशात एवढेच लिहायचे की रिवाजाप्रमाणे एक समई देवाला दिली, विक्रीसाठी नाही, आणि समोरासमोर बोलायची तयारी आहे. तसे पत्र मीच लिहिले. त्यात खोटे काही नव्हते. पण ते मी नेहमीसारखे दुसऱ्यांदा वाचून पाहिले नाही.

कंपनीशी बोलण्याआधी आसारींना सांगणे भाग होते. ते काम आजोबांवर ढकलता आले असते, पण खुणा मी केल्या होत्या. आम्ही दोघे गेलो. शेडमध्ये पेट्या भरून ठेवल्या होत्या, भट्टी पेटायची होती. आसारींनी मला बसायला स्टूल दिले आणि पंखा माझ्या दिशेने फिरवला. मी त्यांना तमिळमध्ये तेरावे कलम सांगितले, काही न गाळता. माझे संपल्यावर ते उठले, पेटीतला हंस काढला, ब्रशने त्याच्यावरचा गाळ झटकला आणि एका जुन्या धोतरात गुंडाळला.

"अम्मा, तुम्ही ताट दिलंत, मी घेतलं. त्यात माझे हात होते, माझी भट्टी होती. अप्पांचा हंस त्यात नव्हता."

"नव्हता," मी म्हटले. "माझी चूक झाली."

"तुमचं कागदाचं तुम्ही बघा. हंस मी घरात ठेवतो. हे मिटेपर्यंत ओतणार नाही."

त्यांच्या बायकोने आम्हाला ताक दिले. भांडण झाले असते तर ताक मिळाले नसते, असे आजोबा येताना म्हणाले. अडतीस समया उरल्या होत्या, आणि वेळेत न पोचवणे हीही अट मोडणेच होते. पण खरे सांगायचे तर त्या वेळी समयांचा विचार माझ्या डोक्यात नव्हता. मी एका माणसाच्या वडिलांच्या हातचे लाकूड न विचारता लिहून दिले होते, आणि त्याने मला पंखा फिरवून दिला होता.

कंपनीने भेटायचे कबूल केले. कंपनीचे संचालक स्वतः येणार असे कळले. आम्ही दुकानाऐवजी घरी बोलावले. मला वाटले होते कोणी पोक्त माणूस असेल. आली ती तुमच्या आईपेक्षाही लहान मुलगी, सुती साडीत, एकटी. आसारींना आम्ही बाहेरच्या ओसरीवर बसवले होते, हंसासकट. बोलणे तमिळमध्ये आणि इंग्रजीत चालले होते. मी कॉफी आणली. पितळेच्या वाटी-पेल्यात, चांगली फेसाळ. तिने पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले.

आता आपल्या माणसांची सवय तुम्हाला माहीत आहे. परक्यासमोर काही खाजगी बोलायचे असले की आपण मराठीत बोलतो. कुंभकोणमात कोणाला कळते? भाजीवाल्यासमोर, बँकेत, डॉक्टरकडे, उभा जन्म आपण हे केले आहे. आजोबा खाली बघत, जणू साखरेबद्दल विचारताहेत अशा स्वरात म्हणाले, "हिला कॉफी आवडली. आता काढ विषय. तारखेचं तेवढं आपण होऊन सांगू नकोस."

मी तशाच स्वरात म्हटले, "विचारलं तर मी खोटं सांगणार नाही."

"विचारणार नाही. तिला काय माहीत?"

त्या मुलीने पेला खाली ठेवला. "आजी," ती स्वच्छ मराठीत म्हणाली, "कुठली तारीख?"

आजोबांकडे मी पाहिले नाही. पाहिले असते तर हसू आले असते आणि ती हसण्याची वेळ नव्हती. ती पुण्यात सहा वर्षे शिकायला होती. तुमच्याच पुण्यात.

मी उठून आत गेले, वही आणली, ते पान उघडून तिच्यापुढे ठेवले. सहीची ओळही दाखवली. "नऊ दिवसांनंतर दिली," मी म्हटले. "अट मोडली, हे खरं आहे. मोडतो आहोत हे आम्हाला कळलं नाही, हेही खरं आहे. पण वाचणारी मी होते, आणि मला वाचता येतं."

तिने पान वाचले. प्रसादाच्या भाताची ओळही त्यात होती. तिने वही मिटली आणि विचारले, "पत्रात हे का नाही लिहिलं?"

"वकील म्हणाले गरज नाही."

"आमचेही वकील असंच म्हणतात," ती म्हणाली. मग आजोबांकडे वळून, "आजोबा, तुमची मराठी फार गोड आहे. पण हळू बोलत जा."

"मी हळूच बोललो होतो," आजोबा म्हणाले.

ती हसली, पण विषय सोडला नाही. तिचे म्हणणे सरळ होते. तिच्या गिऱ्हाइकांना तिने सांगितले होते की हा हंस दुसरीकडे कुठे दिसणार नाही. एक गेला तर आणखी कितीही जातील, हे तिने कशावरून समजायचे? आज पट्टीश्वरम, उद्या दुसरे देऊळ. मी म्हटले की याचे उत्तर माझ्याकडे नाही, बाहेर ओसरीवर बसले आहे.

आसारी आत आले. खुर्चीवर बसले नाहीत. हंस मांडीवर घेऊन जमिनीवर बसले. तीही खुर्चीवरून उतरून त्यांच्यासमोर खाली बसली, साडीची पर्वा न करता. तिने तमिळमध्ये विचारले, "पहिली समई देवीला का देता?"

आसारींना हा प्रश्न कोणी कधी विचारला नसावा. त्यांनी थोडा विचार केला. "पहिल्या ओतीला हात कापतो, अम्मा. पितळ कुठं थांबेल, कुठं पळेल, ते माहीत नसतं. काही ना काही राहतंच. ते गिऱ्हाइकाला कसं द्यायचं? देवी दोष काढत नाही."

"या समईत काय राहिलं?"

"डाव्या पंखाखाली खड्डा आहे. हरभऱ्याएवढा."

तिने फोनवर नोटिशीतला फोटो काढला आणि बोटांनी मोठा करत गेली. कुंकवाच्या आड, पंखाखाली, खड्डा होता. तिच्या माणसाला दिसला नव्हता, तिच्या वकिलांना दिसला नव्हता, आणि मलाही त्या दिवसापर्यंत माहीत नव्हता. मी रिवाज पाळत आले होते, त्यामागचे कारण मात्र कधी विचारले नव्हते. मला तो देवाचा वाटा वाटायचा. आसारींच्या हिशेबी ती गिऱ्हाइकाची काळजी होती.

"म्हणजे मला जी पहिली मिळाली ती खरं तर दुसरी," ती म्हणाली.

"चांगली पहिली तुमचीच," आसारी म्हणाले.

मग तिने हंस बघायला मागितला. आसारींनी धोतर उलगडले, पण हातात दिला नाही. स्वतःच्याच तळहातावर धरून फिरवून दाखवला. तिनेही हात पुढे केला नाही. मला वाटते, पुढचे सगळे तिथेच ठरले.

तेरावे कलम रद्द झाले. नमुना आसारींचा, त्यांच्या घरात राहणार, असे साध्या शब्दांत लिहिले गेले. त्याच्या बदल्यात आसारींनी स्वतः कबूल केले की तीन वर्षे हा हंस तिच्याशिवाय कोणासाठी ओतणार नाही. तोवर ही गोष्ट आम्हीच त्यांच्या वतीने कबूल करून बसलो होतो. आणि नवव्या कलमाला एक ओळ जोडली: नव्या नमुन्याची पहिली समई, एकच, बिननावाची, देवळात देणे हा या कराराचा भंग नाही. ती ओळ इंग्रजीत मी लिहिली. आसारींना तमिळमध्ये वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितले आणि म्हणाले, "अम्मा, हेही घाला. देवीनंही ती कोणाला विकायची नाही."

मुलगी म्हणाली, "देवीची सही कोण आणणार?"

"तिची लागत नाही," आसारी म्हणाले. "ती शब्द मोडत नाही."

नवे करारपत्र घेऊन आम्ही वकिलांकडे गेलो तेव्हा त्यांनी ते वाचले, आणि आजोबांना म्हणाले की एवढं सगळं मराठीत ठरलं असेल तर मला फी कशाची? मग मात्र त्यांनी हट्ट धरला की आसारींशीही कागद करा. जे दोन पिढ्या ताटात होते ते एका पानावर उतरवा: कोणी काय द्यायचे, कोणाचे काय आहे, कामावर इजा झाली तर कोणी बघायचे, ओतकाम थांबवायचे असेल तर किती आधी सांगायचे. आसारी आधी तयार नव्हते. कागद म्हटला की काहीतरी काढून घेण्यासाठीच असतो, असे त्यांचे म्हणणे, आणि त्यांना आमच्याकडून आलेल्या अनुभवावरून ते खोटे म्हणता येत नव्हते. मी म्हटले की हा कागद तमिळमध्ये असेल, एकच पान असेल, आणि तुम्ही सांगाल ते आधी लिहू. त्यांनी पहिली ओळ सांगितली: हंस माझ्या वडिलांचा आहे. तीच पहिली ओळ आहे. कायद्याच्या भाषेत ती बसते की नाही याची वकिलांनी काळजी केली, पण खोडली नाही.

पोंगलनंतरच्या शुक्रवारी ते सपत्नीक आले तेव्हा कागद तयार होता. आसारी म्हणाले, "ताट आहे ना?" ताट होते. त्यांनी कागद घेऊन विड्याच्या पानांवर ठेवला, आणि मग ताट हातात घेतले. सही नंतर केली. माझ्या प्रतीच्या खालच्या कोपऱ्यावर हळदीचा डाग आहे. माझ्या सगळ्या फाइलींत डाग असलेला तेवढाच एक कागद. त्याला मी पिवळी नाडी बांधली आहे.

उरलेल्या अडतीस समया थोड्या उशिराने गेल्या; उशीर चालेल असे त्या मुलीने आधीच लिहून दिले होते. तीन वर्षे केव्हाच होऊन गेली. ती अजून हंस मागवते आणि पत्रात शेवटी आजोबांना मराठीत एक ओळ लिहिते, नेहमी हळू बोलण्याबद्दल. आजोबा आता परक्यासमोर खाजगी बोलायचे असले की मला आत बोलावतात. मागच्या महिन्यात आम्ही पट्टीश्वरमला गेलो होतो. समई इतकी काळी झाली आहे की हंस ओळखू येत नाही. मी पंखाखाली बोट लावून पाहिले. खड्ड्यात तेल साठले होते.

तर थोरले, तुझी पाने. बहुतेक ठीक आहेत. तुझ्या मैत्रिणीचे इंग्रजी माझ्यापेक्षा चांगले आहे. तीन ठिकाणी पेन्सिलीच्या खुणा केल्या आहेत, त्यांतल्या दोन किरकोळ. तिसरी सहाव्या पानावर. तिथे भागीदारी मोडली तर दुकानाच्या वस्तूंची वाटणी कशी होईल त्याची यादी आहे, आणि यादीत चौथी वस्तू मोठी भट्टी, तुम्ही तिला ओव्हन म्हणता ती. ती तुझ्या मैत्रिणीच्या आईची आहे, असे तूच फोनवर सांगितले होतेस. जुनी आहे, तिच्यात पाव कसा फुगतो ते त्यांनाच कळते, असेही म्हणालीस. त्या बाईंना विचारले आहे का? नसेल तर सही करायच्या आधी त्यांच्याकडे जा. फोनवर नको. आणि जाताना हातात काहीतरी घेऊन जा. विड्याची पाने हाताशी नसतील, तर केळी चालतील.